कथा पुरी होते कशी : ‘साभार परत’पासून ‘पुभाप्र’पर्यंत

दिवाळी अंकाची सगळी कहाणी इथे सांगत बसत नाही, ती वाचणाऱ्यांना माहीतच आहे. ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ साली पहिला काढला आणि मराठीत कथा लिहिणाऱ्याला हळूहळू वर्षातली एक तारीख मिळाली, आपल्या कामाचं तेवढंच. पावसाळ्यात कथा गेली नाही तर यंदाची दिवाळी गेली, या धाकानं कितीतरी अर्धवट वह्या पुऱ्या झाल्यात.

पण घोळ आहे तो ‘लघुकथा’ या शब्दाचा. ‘करमणूक’ साप्ताहिकाच्या काळात, म्हणजे १८९० नंतर, तिला स्फुट गोष्ट म्हणायचे. मग १९२०-३० च्या सुमारास लघुकथा हा शब्द रुळला आणि त्याच्यासोबत तंत्र आलं, आरंभ असा हवा, गुंतागुंत अशी हवी, उत्कर्षबिंदू इथे, शेवटी कलाटणी. चाळीसच्या दशकात नवकथावाल्यांनी ते तंत्र झुगारलं आणि हळूहळू ‘लघु’ही गळून नुसती ‘कथा’ उरली. हिंदीत मात्र लघुकथा म्हणजे पान-अर्ध्या पानाचा ऐवज, आणि तो अर्थ आता आपल्याकडेही शिरलाय, त्यात भर म्हणून शंभर शब्दांची शशक, म्हणजे शतशब्दकथा, आणि चार-पाच ओळींची अलक, म्हणजे अतिलघुकथा. त्यामुळे ‘लघुकथा स्पर्धा’ म्हटलं की एकीकडे मर्यादा २००० शब्द, दुसरीकडे ३००. हा नुसता नावाचा वाद नाही हो, नवीन लिहिणाऱ्याची कथा यात मरते. आमच्या वाचनगटात एकीची कथा होती, एसटी स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट बघणारी बाई, २४०० शब्द. स्पर्धेसाठी तिनं ती १००० वर आणली, त्यात कंडक्टरशी झालेलं बोलणं गेलं आणि ती बाई गाडीत न चढता घरी परत का जाते हेच कळेना. शब्दमर्यादा मदत करते हे मान्य, पण कथेचा जीव केवढा हे आधी बघायला हवं आणि ते बघणारं दुसरं माणूस लागतं.

असं माणूस ‘सत्यकथा’ मासिकाकडे होतं. तिथले संपादक नाकारलेल्या कथेसोबत जाणाऱ्या छापील ‘साभार परत’ चिठ्ठीवर न थांबता कथा कुठे अडलीय याची पत्रं लिहायचे, नवख्यांनासुद्धा, आणि कथा पुन्हा लिहून घ्यायचे. तिथे एकाच वळणाचं लेखन चालतं म्हणून लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे आपले छोटे अंक जमेल तेव्हा काढणाऱ्या, तरुणांनी साठच्या दशकाच्या शेवटी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, त्यांचा राग समजतो मला. तरी १९८२ मध्ये मासिक बंद झालं तेव्हा पेन्सिल घेऊन अनोळखी माणसाचं लेखन वाचणारी एक मोठी जागा गेली आणि ती भरून निघालेली नाही असंच मी म्हणेन.

छापायच्या जागा पुढे भरपूर झाल्या. १९९६ ला ‘मायबोली’ आली, परदेशातली मराठी माणसं लिहायला लागली, मग इतर संकेतस्थळं, मग मोबाईलवरची अ‍ॅप. संपादकाची वाट बघायची नाही, भाग एक टाकला की तासाभरात ‘पुभाप्र’, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. हा आधार खरा आहे, त्यावर लोक लिहिते झाले. पण तिसऱ्या भागाखाली ‘क्रमशः’ लिहिलेलं असतं आणि चौथा येतच नाही अशा कथा किती, कारण पुभाप्र म्हणणाऱ्याला पुढचं हवं असतं, आधीच्या भागात काय चुकलंय हे तो सांगत नाही.

अलीकडे अभिवाचनाचे छोटे गट सुरू झालेत, त्याची मुळं साठच्या दशकात गावोगाव फिरलेल्या कथाकथनात आहेत. आमच्या गटात कथा लेखकानं वाचायचीच नाही, दुसऱ्यानं वाचायची, आणि वाचणारा जिथे अडखळेल तिथे लेखकानं गप्प बसून आपल्या कागदावर खूण करायची. त्या एसटी स्टँडच्या कथेत अशा अकरा खुणा झाल्या, त्यातल्या सात एकाच परिच्छेदात होत्या, कंडक्टर जिथून काढला होता तिथे.