कल्चरच्या रिपोर्टला तीन दिवस का लागतात?

लघवीला जळजळ होते, थंडी वाजून ताप येतो, डॉक्टर ‘युरिन कल्चर’, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, लिहून देतात. लॅबमध्ये बाटली दिली की उत्तर ठरलेलं असतं: तीन दिवसांनी या. रक्तातली साखर त्याच दिवशी कळते, हिमोग्लोबिनही कळतं, मग एका जंतूचं नाव सांगायला एवढा वेळ कशाला? मायक्रोस्कोप असतो ना यांच्याकडे?

असतो. पण त्याच्याखाली बहुतेक जिवाणू सारखेच दिसतात. गोल ठिपके, नाहीतर आखूड काड्या, क्वचित एखादा वाकडा. काडीची लांबी साधारण २ मायक्रोमीटर, म्हणजे १ मिलिमीटरात अशा ५०० काड्या एकापुढे एक मावतील. आपल्या आतड्यात निमूट राहणारा ई. कोलाय, टायफॉइडचा साल्मोनेला आणि हगवणीचा शिगेला हे तिघे स्लाइडवर शेजारी शेजारी ठेवले, तर मुरलेल्या तज्ज्ञालाही कोण कुठला ते सांगता येणार नाही. म्हणून जिवाणूची ओळख बरीचशी त्याच्या वागण्यावरून पटवतात. तो काय खातो, कशात वाढतो, काय फोडतो, कशाला दाद देत नाही, हे बघायचं. आणि वागणं बघायचं तर त्याला आधी वाढू द्यावं लागतं.

तरी सुरुवात होते रंगापासूनच. १८८४ साली हान्स क्रिश्चियन ग्राम हा डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे पातळ काप तपासत होता. पंचाईत अशी की रंग घातला की जंतूही रंगायचे आणि फुप्फुसाच्या पेशीही, त्यामुळे जंतू नजरेत भरतच नसत. ग्रामने आधी जांभळा रंग दिला, त्यावर आयोडीनचं पाणी घातलं आणि मग अल्कोहोलने काप धुतला. पेशींचा रंग उतरला, जंतूंचा टिकला. पण सगळ्या जंतूंचा नाही. टायफॉइडच्या जंतूंसारख्या काहींचा रंग पेशींबरोबरच धुऊन गेला. आपली पद्धत अजून सदोष आहे, इतरांच्या हाती तरी ती उपयोगी ठरो, अशा अर्थाचं त्याने निबंधातच लिहून ठेवलं. जे त्याला खटकत होतं, तेच पुढे सगळ्यात कामाचं निघालं. रंग धरणारे ते ग्राम-पॉझिटिव्ह, सोडणारे ते ग्राम-निगेटिव्ह, ही विभागणी आजही जगभरच्या लॅबमधली पहिली पायरी आहे. रंग सोडून बसलेले जंतू दिसावेत म्हणून शेवटी सॅफ्रॅनिनचा तांबूस रंग देतात. ती भर मागाहून इतरांनी घातली.

यामागचं कारण जिवाणूच्या भिंतीत आहे. ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंची भिंत पेप्टिडोग्लायकन या पदार्थाच्या अनेक थरांची, जाड असते. अल्कोहोलने ती आकसते आणि आत तयार झालेले रंग-आयोडीनचे कण अडकून पडतात. ग्राम-निगेटिव्हांची भिंत पातळ, पण तिच्यावर मेदयुक्त पदार्थांचा आणखी एक पडदा असतो. अल्कोहोल तो पडदा विस्कटतं आणि रंग बाहेर येतो. अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिलं तर पॉझिटिव्हही निगेटिव्ह दिसू लागतो, म्हणून हे काम हात बसलेल्या माणसाने करावं हे बरं. बाहेरच्या पडद्याचा परिणाम उपचारांवर थेट होतो. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचे रेणू त्यातून आत शिरू शकत नाहीत, म्हणून ग्राम-निगेटिव्ह जंतूंवर ते चालत नाही. मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशींच्या आत गुलाबी जोड्या दिसल्या तर मेनिंगोकोकस, टोकदार जांभळ्या जोड्या दिसल्या तर न्यूमोकोकस, असा अंदाज तासाभरात बांधता येतो. तिथे कोणी तीन दिवस थांबत नाही.

क्षयाचा जंतू मात्र या खेळात नीट सामीलच होत नाही. त्याच्या भिंतीत मायकोलिक आम्ल नावाचा मेणासारखा पदार्थ ठासून भरलेला असतो. साधे रंग आत जात नाहीत. म्हणून थुंकीच्या स्लाइडवर कार्बोल फुक्सिन हा गडद लाल रंग घालून खालून आच देतात, वाफा येऊ लागल्या की थांबतात. रंग एकदा आत गेला की तो बाहेरही निघत नाही. सल्फ्युरिक आम्लाने धुतलं तरी इतर सगळं कोरं होतं आणि हा लालच राहतो. नंतर मिथिलीन ब्लू दिलं की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. यालाच झील-नील्सन पद्धत म्हणतात. स्वस्त आणि भरवशाची, पण थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये निदान ५ ते १० हजार जंतू असतील तरच ते सापडण्याची आशा. कमी असले तर स्लाइड निगेटिव्ह येते, क्षय मात्र असतो.

आता पुन्हा लघवीच्या बाटलीकडे. ठरावीक मापाच्या तारेच्या कडीने, जिला लॅबमध्ये लूप म्हणतात, ०.००१ मिलिलिटर लघवी उचलून प्लेटवर पसरतात. प्लेटमध्ये असतं अगार, म्हणजे स्वयंपाकघरातलं चायना ग्रास. पूर्वी यासाठी जिलेटिन वापरत, पण ते शरीराच्या तापमानाला वितळून जाई. १८८१च्या सुमारास जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेतल्या वॉल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी आपल्या जेलीतला घटक सुचवला. अगार वितळायला जवळजवळ उकळतं पाणी लागतं, एकदा गोठलं की ३७ अंशांना ते घट्ट राहतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या इतिहासात या बाईंचं नाव जेवढं यायला हवं तेवढं येत नाही.

३७ अंशांवर रात्रभर ठेवलेल्या प्लेटवर एकेका जंतूपासून टाचणीच्या डोक्याएवढी वसाहत तयार होते. ई. कोलायला अनुकूल स्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होता येतं. याच वेगाने १० तासांत एकाचे १०० कोटींहून जास्त होतील. प्लेटवर १०० वसाहती म्हणजे १ मिलिलिटर लघवीत १ लाख जंतू, हे गणित सरळ आहे. एवढे असले आणि त्रासही असला तर तो संसर्ग मानतात. पाच-सहा प्रकारचे जंतू थोडे थोडे उगवले तर बहुधा बाटली भरताना बाहेरचे जंतू आत पडलेले असतात. सुरुवातीची धार सोडून मधली धरा असं सांगतात ते एवढ्यासाठी.

अगारमध्ये काय मिसळायचं यात खरी युक्ती आहे. आल्फ्रेड मॅकॉन्की यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिव्हरपूलमध्ये तयार केलेल्या माध्यमात पित्तक्षार असतात, त्यामुळे बहुतेक ग्राम-पॉझिटिव्ह जंतू उगवतच नाहीत. शिवाय दुधातली साखर, लॅक्टोज असते, आणि आम्ल तयार झालं की गुलाबी होणारा रंग. ई. कोलाय लॅक्टोज आंबवतो, त्याची वसाहत गुलाबी होते. क्लेब्सिएला या दुसऱ्या एका जंतूचीही गुलाबी, पण ओलसर, बुळबुळीत. साल्मोनेला आणि शिगेला यांना लॅक्टोज पचत नाही, ते फिकट राहतात. स्लाइडवर न ओळखता आलेले तिघे इथे वेगळे होऊ लागतात. हे माध्यम सव्वाशे वर्षांत फारसं बदललेलं नाही, आणि बदलावं असं मला वाटतही नाही.

गोल जंतूंसाठी प्रश्न वेगळे. वसाहतीचा कण हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात घातला आणि फसफसलं तर स्टॅफिलोकोकस, गप्प राहिलं तर स्ट्रेप्टोकोकस. मात्र वसाहत ब्लड अगारवरची, म्हणजे रक्त मिसळलेल्या अगारवरची असेल तर खालचं रक्त खरवडायचं नाही, रक्तपेशींमध्येही हा फेस आणणारं एन्झाइम असतं आणि त्याही फसफसतात. स्टॅफिलोकोकसमधला ऑरियस, म्हणजे गळवं करणारा, रक्तद्रव गोठवतो. त्याचे त्वचेवरचे बहुतेक भाऊबंद तसं करत नाहीत. स्ट्रेप्टोकोकस रक्ताच्या प्लेटवर काय करतो ते बघायचं. घसा धरणारा पायोजिनस आपल्याभोवतीच्या लाल पेशी पूर्ण फोडून स्वच्छ कडं करतो, न्यूमोकोकस हिरवट डाग ठेवतो.

वासही ओळख देतो. स्युडोमोनास या जंतूच्या प्लेटला द्राक्षांसारखा गोडसर वास येतो आणि तिच्यात निळसर-हिरवा रंग उतरतो. पूर्वीचे लोक झाकण उचलून सरळ हुंगत. आता तसं करायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे, कारण प्लेटवर काय वाढलंय हे आधी माहीत नसतं.

या वागण्याच्या परीक्षांमधली सर्वांत नामी परीक्षा मुंबईतली आहे. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेगचं निदान केलं. व्हिएगस मूळचे गोव्याचे. जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. रंगवल्यावर त्याची दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग फिका दिसतो. लस तयार करायला मुंबईत आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी हा जंतू मटणाच्या सुपासारख्या द्रव माध्यमात वाढवायला घेतला आणि वर तरंगायला तुपाचे थेंब सोडले. जंतू त्या थेंबांना धरून वाढू लागले आणि खाली द्रवात लोंबू लागले, गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे. बरणी जराही हलली की ते गळून तळाशी बसत आणि वर नवे फुटत. ही खूण इतकी ठळक होती की पाठ्यपुस्तकांत ‘घी ब्रॉथ’ हे शब्द प्लेगच्या जंतूशेजारी कायमचे जाऊन बसले. याच बरण्यांतले जंतू उष्णतेने मारून केलेली लस हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळला गेली आणि १९२५पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

ओळख पटवणं किती अवघड जाऊ शकतं हे जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा दिसलं. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि मग सुरतेत प्लेग आल्याच्या बातम्यांनी देश हादरला, सुरतेतून लोकांनी पळ काढला, आणि हा प्लेगच आहे का यावर तज्ज्ञांमध्ये वाद पेटला. रुग्णांना आधीच अँटिबायोटिक दिलेलं असलं की नमुन्यातून जंतू उगवणं मुश्किल होतं. पुढे डीएनएच्या तपासणीतून तो येर्सिनिया पेस्टिसच असल्याचं पुढे आलं. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरसाठी नमुना द्या, हा डॉक्टरांचा आग्रह म्हणूनच असतो.

आता तीन दिवसांचा हिशोब लागतो. पहिल्या दिवशी पेरणी. दुसऱ्या दिवशी वसाहती बघून चाचण्या लावायच्या, आणि त्याच जंतूंच्या थरावर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेला गोल किती मिलिमीटर आहे ते मोजायचं. रिपोर्टवरचं ‘सेन्सिटिव्ह’ किंवा ‘रेझिस्टंट’ त्या मोजमापातून येतं. क्षयाच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायलाच १५ ते २० तास लागतात, त्यामुळे घन माध्यमावरचं त्याचं कल्चर निगेटिव्ह म्हणायला आठ आठवडे थांबतात. कुष्ठरोगाचा जंतू तर आजवर कुठल्याच कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही.

क्षयासाठी म्हणूनच वाट बदलली. सीबीनॅट किंवा गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट, ही यंत्रं जंतू वाढायची वाट न बघता थुंकीतलं त्याचं डीएनएच शोधतात. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला तो दाद देईल का, हेही त्याच दिवशी कळतं.

बाकीच्या जंतूंसाठी मोठ्या रुग्णालयांत माल्डी-टॉफ आलं आहे. वसाहतीचा कण धातूच्या पट्टीवर लावायचा, लेसर मारायचा, उडालेल्या प्रथिनांच्या वजनांचा आलेख साठवलेल्या आलेखांशी जुळवायचा. नाव काही मिनिटांत मिळतं. कल्चर मात्र टळत नाही, कारण कण घ्यायला वसाहत लागते, आणि कुठलं औषध चालेल हे नावावरून पुरतं कळत नाही. शिवाय हे यंत्र एका ठिकाणी हमखास गोंधळतं: ई. कोलाय आणि शिगेला. दोघांची प्रथिनं जवळजवळ तीच, कारण वंशाने शिगेला ई. कोलायच्या कुळातलाच आहे. रक्त-आव पडणाऱ्या रुग्णाच्या नमुन्यातून मॅकॉन्कीवर फिकट वसाहत आली आणि यंत्राने ‘ई. कोलाय’ म्हटलं, तर लॅबमधला माणूस त्यावर थांबत नाही. तो जंतू मऊ अगारच्या नळीत टोचून रात्रभर ठेवतो. ई. कोलाय बहुधा पोहत पोहत आजूबाजूला पसरतो, शिगेला टोचलेल्या रेषेतच राहतो. रेषेतच राहिला, तर शिगेलाविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या थेंबात तो कालवून गुठळ्या होतात का ते पाहतात, आणि मगच रिपोर्टवर नाव लिहितात.