विनोदी वेस्टर्न चित्रपटांतील शस्त्रे

यादवी युद्धानंतरच्या तीन-चार दशकांतील अमेरिकेच्या पश्चिम भागातले जीवन हा वेस्टर्न चित्रपटांचा विषय असतो, आणि विनोदी वेस्टर्न त्याच गावांची, गुत्त्यांची व द्वंद्वांची थट्टा करतो. त्यातली हत्यारे मात्र बहुधा गंभीर वेस्टर्नमधलीच असतात. पिस्तूल खेळण्यातले वाटले, तर प्रसंगातला धोका नाहीसा होतो आणि धोक्याबरोबर हसूही जाते.

या हत्यारांत पहिला मान ‘कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी’ या सहाबारी रिव्हॉल्व्हरचा आहे. अमेरिकी लष्कराने ते १८७३ मध्ये स्वीकारले. घोडदळाच्या नमुन्याची नळी साडेसात इंचांची होती. पडद्यावर मात्र कमरेच्या म्यानातून चटकन निघणारी पावणेपाच इंची नळी अधिक दिसते. प्रत्येक बारापूर्वी अंगठ्याने पिस्तुलाचा घोडा (हॅमर) मागे ओढावा लागतो, नुसता चाप दाबून भागत नाही. सहा बार झाले की उजव्या बाजूची लहानशी झडप उघडून, नळीखालच्या दांडीने एकेक रिकामे काडतूस बाहेर ढकलायचे आणि एकेक नवे आत सरकवायचे. घोडा खाली असताना त्याची अणी थेट काडतुसावर टेकत असल्याने जाणकार माणसे एक घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरत. गंभीर चित्रपटांतला नायक ही सगळी यातायात टाळून न मोजता गोळ्या झाडत राहतो. विनोदी चित्रपट नेमका याच यातायातीवर थांबतो. थरथरत्या बोटांतून निसटणारी काडतुसे आणि ऐन वेळी रिकामा निघालेला बार यांतले हसू या यंत्राच्या खऱ्या रचनेतूनच येते.

१९२५ च्या ‘गो वेस्ट’ या मूकपटात बस्टर कीटनचे इवलेसे पिस्तूल मोठ्या म्यानाच्या तळाशी जाऊन बसते, म्हणून तो त्याला दोरी बांधतो आणि दोरी ओढून ते वर काढतो. ‘द पेलफेस’मध्ये (१९४८) बॉब होपने रंगवलेला भित्रा दंतवैद्य स्वतःला नेमबाज समजू लागतो, कारण जेन रसेलने साकारलेल्या कॅलॅमिटी जेनने झाडलेल्या गोळ्या त्याच्या खात्यावर जमा होतात. ‘सपोर्ट युवर लोकल शेरीफ’मध्ये (१९६९) जेम्स गार्नरचा शेरीफ समोरच्याने रोखलेल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत शांतपणे आपले बोट घालतो. एका बोटाने पिस्तुलाचा सगळा दरारा उतरवणारा हा प्रसंग या प्रकारातला सर्वांत नेमका विनोद म्हणावा लागेल.

लांब बंदुकांमध्ये खालची कडी पुढे-मागे करून काडतूस चढवणारी विंचेस्टर आघाडीवर आहे. १८७० च्या दशकातील कथांतही १८९२ चा नमुना सर्रास दिसतो. हा कालविपर्यास गंभीर व विनोदी दोन्ही चित्रपटांत आढळतो. जुगाऱ्याच्या अस्तनीतून निघणारी रेमिंग्टनची दोन नळ्यांची डेरिंजर, म्हणजे चिमुकले पिस्तूल, तळहातात मावते. दुनळी बंदूक, १८६२ मध्ये पेटंट मिळालेली हाताने दांडा फिरवून चालवायची अनेक नळ्यांची गॅटलिंग तोफ आणि १८६७ नंतरचा डायनामाइट यांचा उपयोग अतिशयोक्तीसाठी होतो. मूळ रहिवाशांचे धनुष्यबाण आणि टॉमाहॉक (हातकुऱ्हाडी) मात्र जुन्या विनोदी चित्रपटांत केवळ टोपीत रुतण्यापुरते येतात. त्यामागची माणसे पुसून टाकणारी ही सवय या प्रकाराचे मोठे वैगुण्य आहे.

चित्रीकरणासाठी गोळी नसलेली, फक्त दारू भरलेली कोरी काडतुसे वापरतात. हॉलिवूडमध्ये यासाठी ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचे काडतूस प्रचारात आले. तीन प्रकारच्या रिव्हॉल्व्हरांत आणि दोन प्रकारच्या रायफलींत एकच काडतूस चालत असल्याने गडबडीच्या चित्रीकरणात चुकीचे काडतूस हाती येण्याचा घोटाळा टळला. तरीही कोरे काडतूस निरुपद्रवी नसते, कारण नळीच्या तोंडाशी तप्त वायूचा जबर झोत निघतो. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अभिनेत्याने एका दूरचित्रवाणी मालिकेच्या सेटवर गमतीने रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून असाच बार काढला आणि त्या दुखापतीने त्याचा मृत्यू झाला. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या वेस्टर्नच्या तयारीत रिव्हॉल्व्हरमध्ये खरी गोळी निघाली आणि छायालेखिका हलिना हचिन्स यांचा जीव गेला. म्हणूनच नळी अंगाला भिडते अशा दृश्यांसाठी बार न निघणाऱ्या प्रतिकृती वापरण्याची आणि प्रत्येक हत्यार कलाकाराच्या हाती देण्यापूर्वी त्याच्यासमोर उघडून दाखवण्याची पद्धत आहे.