सिनेमातला सुंभाजी आंग्रिया आणि इतिहासातले आंग्रे

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेतला तिसरा सिनेमा, ‘ॲट वर्ल्ड्स एंड’, २००७ साली आला. सुमारे ३० कोटी डॉलर खर्चाच्या या सिनेमात जॉनी डेपचा जॅक स्पॅरो, जेफ्री रशचा बार्बोसा, किएरा नाइटलीची एलिझाबेथ आणि चाऊ युन-फॅटचा साओ फेंग यांनीच पडदा व्यापला आहे. पण जगभरच्या नऊ चाचे-सरदारांची सभा भरते, तेव्हा हिंदी महासागराच्या वतीने जो बसलेला असतो त्याचं नाव आहे श्री सुंभाजी आंग्रिया. इराणी वंशाचे अमेरिकी अभिनेते मार्शल मनेश यांनी ही भूमिका केली. हा सरदार बहुतेक वेळ गप्पच असतो, त्याची माणसं त्याच्या वतीने बोलतात. शेवटी तो स्वतः तोंड उघडतो तेव्हा बारीक, चिरका आवाज निघतो आणि प्रेक्षक हसतात.

हे नाव उघडच संभाजी आंग्रे यांच्यावरून घेतलं आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे हे पुत्र. इंग्रजांच्या कागदपत्रांत सगळेच आंग्रे ‘आंग्रिया’ होतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांना चाचे म्हटलेलं असतं. सिनेमाने तेच शब्द उचलले.

सरखेल म्हणजे मराठी आरमाराचा प्रमुख. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षात आले, तेव्हा हे पद आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे राहिले. या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचा दस्तक म्हणजे परवाना घ्यावा, नाहीतर जहाज पकडलं जाईल, असा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज याच समुद्रावर दोनशे वर्षं कार्ताझ नावाचा परवाना सक्तीने विकत होते, त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. मला हा दुटप्पीपणा फार खुपतो.

१७१८ हे वर्ष या बाबतीत बघण्यासारखं आहे. त्या नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर ब्लॅकबिअर्ड मारला गेला. याच मालिकेच्या चौथ्या भागात इयन मॅकशेन यांनी रंगवलेला तोच हा चाचा. त्याच्यामागे ना राज्य होतं ना किल्ला. त्याच सुमारास मुंबईचा इंग्रज गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्ग आणि खांदेरीवर आरमार धाडलं आणि दोन्हीकडे हात हलवत परतावं लागलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तेही फसलं.

१७२९ मध्ये कान्होजी गेले. त्यांचे थोरले पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि मग भाऊबंदकी उफाळली: मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गाला. सिनेमातल्या पात्राचा मूळ माणूस तो हा. १७३५ मध्ये संभाजींनी ‘डर्बी’ हे ईस्ट इंडिया कंपनीचं मोठं जहाज पकडलं, तो कंपनीला जबर तडाखा होता. त्यांच्यानंतर त्यांचे भाऊ तुळाजी आले. पेशव्यांशी त्यांचं बिनसलं आणि नानासाहेबांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला, फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी विजयदुर्ग घेतला आणि बंदरात उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. आपल्याच राज्याच्या प्रधानाने आपल्याच आरमाराविरुद्ध परक्याला बोलवावं, याची हळहळ वाचताना आजही होते.

सिनेमात कंपनीच खलनायक आहे. टॉम हॉलंडरने साकारलेला लॉर्ड बेकेट हा तिचा थंड डोक्याचा माणूस, आणि त्याच्याविरुद्धच नऊ सरदार एकत्र येतात. म्हणजे लेखकांनी आंग्र्यांना बरोबर बाजूला उभं केलं, पण ज्याच्या कुटुंबाने कंपनीला खरोखर चार दशकं झुंजवलं त्याला नेमकं हशासाठी ठेवलं. जॅक किंवा बार्बोसा या कल्पित माणसांना जेवढे पैलू मिळाले, त्याच्या निम्मे जरी या खऱ्या नावाला मिळाले असते, तरी त्या सभेतला सगळ्यात अनुभवी माणूस तोच ठरला असता. भारतीय नौदलाने मात्र मुंबईतल्या आपल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिलं आहे.