करारावर सही कोणाची, गोष्ट कोणाची

२०१९ च्या सप्टेंबरात अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी रुपये जिंकले. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायची, महिन्याचं मानधन दीड हजार, आणि त्यातून वाचनाची ओढ टिकवून ही बाई हॉट सीटपर्यंत पोचली. अमरावती जिल्ह्याला त्याचा अभिमान वाटला, आजही वाटतो. पण त्यानंतर आपल्याकडच्या तालुक्या-तालुक्यांत एक समज पक्का झाला, की टीव्हीवर जायचं तर अंगात गुण हवा तशी घरात एखादी दुःखाची गोष्टही हवी. हा समज कुठून आला आणि स्पर्धकाच्या वाट्याला पडद्यामागे काय येतं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात अमेरिकेत, १९५० च्या दशकात. तिथल्या प्रश्नमंजुषा देशभर पाहिल्या जात होत्या. ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन हा देखणा प्राध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत गेला. उत्तरं त्याला आधीच सांगितली जात होती. १९५९ मध्ये त्याने संसदीय समितीपुढे ते कबूल केलं आणि १९६० मध्ये असे बनावट सामने बेकायदा ठरवणारा कायदा झाला. कायद्याने संरक्षण दिलं ते प्रेक्षकाला. ज्याला हरायला सांगितलं, कपाळावरचा घाम कसा आणि कधी पुसायचा हेही ज्याला शिकवलं, त्या स्पर्धकाचं काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. माझ्या मते पुढच्या साठ वर्षांचा पाया तिथेच पडला.

१९७३ मध्ये ‘ॲन अमेरिकन फॅमिली’ने एका खऱ्या कुटुंबाचा संसार पडद्यावर आणला, नवरा-बायकोच्या काडीमोडासकट. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये ‘एक्सपिडिशन रॉबिन्सन’ सुरू झालं: बेटावर माणसं सोडायची आणि एकेकाला मतदानाने बाहेर काढायचं. त्यात सर्वांत आधी बाहेर पडलेल्या माणसाने कार्यक्रम प्रसारित होण्याआधीच जीवन संपवलं. मालिका काही काळ थांबली, मग पुढे चालू झाली, आणि तोच साचा ‘सर्व्हायव्हर’ नावाने जगभर गेला. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ आलं, आपल्या ‘बिग बॉस’चं मूळ. या साच्यांचं वाहिन्यांना आकर्षण का वाटलं, हे सरळ आहे. यात पगारी नट लागत नाहीत आणि नटांच्या संघटनेशी बोलणी करावी लागत नाहीत. स्पर्धक म्हणजे हौशी माणूस, त्याला मिळते ती संधी. संधी म्हटलं की मजुरीचा प्रश्नच उरत नाही.

भारतात हे वारं जरा वेगळ्या वाटेने आलं. १९९५ मध्ये झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झालं, तेव्हा सोनू निगम सूत्रसंचालक होते आणि परीक्षकांत संगीतातली जाणती मंडळी असायची. स्पर्धकाचं नाव, गाव आणि गाणं, एवढ्यावर भागायचं. त्याच्या बापाला किती एकर कोरडवाहू आहे, हे कोणी विचारत नव्हतं. ३ जुलै २००० ला केबीसी आलं, २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’. इथे एक मोठा बदल झाला: निकाल एसएमएसवर गेला. परीक्षकाला सूर पटवून द्यायचा असतो, पण लाखो अनोळखी लोकांना फोन हातात घ्यायला लावायचं तर त्यांचं काळीज हलवावं लागतं. म्हणून गाण्याआधी दोन-तीन मिनिटांची चित्रफीत आली. धंद्यात तिला ‘एव्ही’ म्हणतात. घर, चूल, आई, कर्ज, आजार, मागे व्हायोलिन. पहिल्या ‘इंडियन आयडॉल’चे विजेते अभिजीत सावंत यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की अलीकडे गुणापेक्षा स्पर्धकाच्या गरिबीच्या गोष्टीतच निर्मात्यांना जास्त रस असतो. या खेळातून वर आलेला माणूसच हे सांगतो, म्हणून त्याचं वजन.

आणखी एक कारण आहे, ते फारसं कोणी बोलत नाही. २०१५ पर्यंत टीआरपीचं मोजमाप शहरांतच व्हायचं. गावातल्या माणसाने काय पाहिलं, याला हिशेबात जागा नव्हती. २०१५ च्या ऑक्टोबरपासून प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने ग्रामीण भागाचे आकडे द्यायला सुरुवात केली आणि गावातला प्रेक्षक एकदम मोलाचा झाला. गावातला प्रेक्षक हवा तर पडद्यावर गावातला चेहरा हवा. भामरागडच्या, दिग्रसच्या, रिसोडच्या पोराला दार उघडलं ते यामुळेही. दार उघडलं हे चांगलंच झालं. मात्र आत जाताना त्याच्याकडून काय मागितलं गेलं, ते पाहिलं पाहिजे.

विदर्भाच्या बाबतीत ही मागणी फार जड आहे. २००६ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. तेव्हापासून देशाच्या नजरेत आपली ओळख एकाच शब्दाने झाली: आत्महत्याग्रस्त. हिंगणघाटच्या वैशाली माडे यांनी २००९ मध्ये हिंदी ‘सा रे ग म प’ जिंकलं ते गळ्याच्या जोरावर. अमरावतीचा शिव ठाकरे २०१९ मध्ये ‘बिग बॉस मराठी’चा विजेता झाला तो अंगच्या धमकेवर. तरी यवतमाळचं नाव घेतलं की समोरच्याच्या मनात पहिल्यांदा येते फवारणी, सावकार आणि फोटोला घातलेला हार. ज्या घरात खरोखर तो हार आहे, त्या घरातल्या लेकराला कॅमेऱ्यासमोर पुन्हा तोच दिवस सांगायला लावणं, आणि आवाज नीट आला नाही म्हणून ‘परत एकदा बोल’ म्हणणं, याला मी क्रूरपणाच म्हणेन. ते लेकरू नाही म्हणू शकत नाही. नाही म्हटलं तर पुढच्या फेरीत नाव असेल की नाही, याची त्याला खात्री नसते.

आपल्याकडे रंगमंचाची रीत याहून निराळी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्यांचं केंद्र. रात्रभर नाटक, हजारोंची गर्दी. याच रंगभूमीच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीचा नट स्टेजवर ढसाढसा रडतो तो दुसऱ्याचं दुःख घेऊन, आणि पहाटे रंग पुसून घरी जातो. रोजचा प्रयोग, रोजचे पैसे, हा व्यवहार दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. तिथेही अडचणी आहेत, पैसे बुडतात, प्रवासाचे हाल होतात. पण स्वतःच्या आईचं दुखणं विकायला त्याला कोणी सांगत नाही. टीव्हीवरच्या स्पर्धकाला रंग पुसता येत नाही, कारण त्याने स्वतःचीच भूमिका केलेली असते. ती चित्रफीत वर्षानुवर्षं मोबाइलवर फिरत राहते आणि गावातल्या पारावर तिच्यावरून त्याला ओळखतात.

पडद्यामागचं कामकाज थोडक्यात असं. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर बसून पोरगं मुंबईला पोचतं. हातात करारनामा पडतो, बहुधा इंग्रजीत, बऱ्याच पानांचा, आणि वाचायला वेळ नसतो. अशा करारांचा गाभा जगभर सारखाच आहे: चित्रीकरण कसंही कापायचा-जोडायचा हक्क निर्मात्याचा, आतलं बाहेर बोलायचं नाही, काही काळ दुसरीकडे काम करायचं नाही, इजा झाली तर जबाबदारी स्वतःची. सेटवर सकाळी गेलेला स्पर्धक रात्री उशिरा सुटतो, त्यातला बराच वेळ नुसता थांबण्यात जातो. ‘बिग बॉस’च्या घरात घड्याळ, फोन, वर्तमानपत्र काहीच नसतं. झोपमोड झालेली, जगाशी संबंध तुटलेली माणसं लवकर भांडतात, हे बनवणाऱ्यांना चांगलं माहीत आहे. मग संकलनाचं टेबल. सोमवारचा हुंदका गुरुवारच्या वाक्याला जोडता येतो. एकीच्या गाण्यावर दुसरीने कपाळाला आठी घातली असं दाखवता येतं, मग ती आठी दिव्याच्या उजेडाने का पडलेली असेना. गावी बसलेल्या आईबापांना ते खरंच वाटतं, आणि गावालाही.

सगळेच कार्यक्रम असे वागतात, असं मला म्हणायचं नाही. चांगले प्रशिक्षक भेटलेली, आयुष्य उभं राहिलेली पोरं आहेत. प्रश्न आहे तो चांगुलपणा कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे हा.

जिंकल्यानंतरचंही सांगितलं पाहिजे. २०११ मध्ये बिहारातल्या मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी केबीसीत पाच कोटी जिंकले. रोजगार हमीच्या कार्यालयात संगणक चालवणारा हा तरुण देशभर गाजला. २०२० मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं, की त्यानंतरचा काळ आयुष्यातला सर्वांत वाईट होता: दानाच्या नावाखाली फसवणूक, व्यसन, संसारात ताण. बक्षिसाच्या रकमेतून तीस टक्के कर आणि वर अधिभार-उपकर कापला जातो, हेही गावात कोणाला माहीत नसतं. कोटी म्हणजे कोटीच घरी आले असं धरून भाऊबंद दारात उभे राहतात.

लहान मुलांच्या बाबतीत तर आपण फार उशिरा जागे झालो. २००८-०९ मध्ये मराठी ‘लिटिल चॅम्प्स’ने घराघरात वेड लावलं आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. त्या पोरांच्या सुरांनी खरंच आनंद दिला. पण त्याच २००८ मध्ये कोलकात्याच्या एका सोळा वर्षांच्या मुलीची वाचा आणि हालचाल बंद झाली, ती एका बंगाली नृत्यस्पर्धेत परीक्षकांनी झापल्यानंतर. तिला उपचारासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या रुग्णालयात न्यावं लागलं. त्या सुमाराला राष्ट्रीय बालहक्क आयोगाने मार्गदर्शक सूचना करायला घेतल्या, त्या २०११ मध्ये आल्या. २०१६ मध्ये बालकामगार कायदा बदलला आणि २०१७ च्या नियमांत आकडे आले: दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांपलीकडे नाही, आणि कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मुलांना मोठ्यांसारखे उत्तान नाच करायला लावू नका, असं वाहिन्यांना कळवलं. चित्रीकरणाची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते, पण ती जिथे चित्रीकरण होतं त्या जिल्ह्याच्या. म्हणजे पोरगी गडचिरोलीची आणि कागद मुंबईचा. तिची शाळा किती बुडाली, हे तिच्या स्वतःच्या जिल्ह्यात कोणाच्याही टेबलावर येत नाही. या पळवाटेबद्दल विदर्भातल्या लोकप्रतिनिधींनी बोलायला हवं होतं.

मोठ्यांना तर हेही कवच नाही. २०१० मध्ये राखी सावंतच्या ‘राखी का इन्साफ’ या टीव्ही कार्यक्रमात जाहीर अपमान झालेल्या झाशीच्या तरुणाचा काही दिवसांनी मृत्यू झाला. सरकारने काय केलं? कार्यक्रम रात्री अकरानंतर दाखवायला सांगितलं. अमेरिकेत १९६० साली झालं तेच इथे झालं, काळजी घेतली गेली ती पाहणाऱ्याची.

बाहेर चित्र हळूहळू बदलतं आहे. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका बेटावरच्या कार्यक्रमातल्या स्पर्धकांना कर्मचारी ठरवलं, म्हणजे त्यांना पगार आणि ओव्हरटाइमचा हक्क. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये ‘जेरेमी काइल शो’ एका सहभागी माणसाच्या मृत्यूनंतर बंद झाला आणि एप्रिल २०२१ पासून वाहिन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने स्पर्धकांच्या मानसिक स्वास्थ्याची काळजी घेणं वाहिन्यांवर बंधनकारक केलं. अमेरिकेत ‘लव्ह इज ब्लाइंड’ या जोडीदार शोधण्याच्या रिॲलिटी शोच्या एका स्पर्धकाने दिवसाला वीस-वीस तास काम, अपुरं अन्न-पाणी आणि आठवड्याला हजार डॉलर, अशी तक्रार कोर्टात नेली. २०२४ मध्ये १४ लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या राष्ट्रीय कामगार मंडळानेही या कार्यक्रमाविरुद्धच्या तक्रारीत स्पर्धक हे कर्मचारीच आहेत अशी भूमिका घेतली.

आपल्याकडे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत दृकश्राव्य निर्मितीच्या व्याख्येत रिॲलिटी शो हा शब्द आला, आणि गायक, नर्तक यांना दृकश्राव्य कामगार म्हटलं गेलं. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. पण त्या व्याख्येत बसायला माणूस कामावर ठेवलेला असावा लागतो, आणि कंपन्या स्पर्धकाला ‘सहभागी’ म्हणतात. महिनाभर सेटवर राबलेली धामणगावची मुलगी कामगार होती की पाहुणी, हे कोर्टात लढूनच ठरेल.

तोवर एक वाट आजही उघडी आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती आणि जमातींतल्या कोणालाही वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. ऑडिशनमध्ये निवड झाल्याचा फोन आला, की करारनामा आधी मोबाइलवर मागवून घ्यावा आणि मुंबईच्या गाडीत बसण्याआधी तो तिथे नेऊन मराठीत समजून घ्यावा: किती दिवस, किती तास, पैसे किती आणि कधी, घरच्या कोणत्या गोष्टी दाखवायच्या नाहीत, आणि अर्ध्यातून परत यायचं झालं तर काय.