गिजुभाई बधेका

गिजुभाई बधेका (15 नोव्हेंबर 1885 – 23 जून 1939) हे गुजराती बालसाहित्यिक, बालशिक्षणतज्ज्ञ आणि मुलांना गोष्टी सांगणारे कथक. पूर्ण नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. मराठी वाचकाला ते बहुतेक करून ताराबाई मोडकांचे सहकारी नाहीतर मॉन्टेसरीवाले म्हणून माहीत असतात, गोष्टी सांगणारा माणूस म्हणून फारसे नाहीत. खरं तर त्यांच्या सगळ्या कामाचं मूळ गोष्टीतच आहे, म्हणून या नोंदीत भर त्यावर दिलाय.

जन्म सौराष्ट्रात चितळ गावी, लहानपण वळा म्हणजे आजच्या वल्लभीपूरला. 1907 मध्ये पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेला गेले, परत आल्यावर मुंबईत कायदा शिकले, मग वढवाणला वकिली. 1913 मध्ये मुलगा झाला आणि याला शिकवायचं कसं हा प्रश्न डोक्यात बसला. वसो इथले मोतीभाई अमीन यांच्याकडून मॉन्टेसरी पद्धतीवरचं (मुलांना मोकळेपणी, साधनं हाताळत शिकू देण्याच्या पद्धतीवरचं) पुस्तक हातात आलं आणि वकिली मागे पडत गेली. 1916 च्या सुमारास ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत तिचे संस्थापक नानाभाई भट्टांबरोबर काम करू लागले, आणि 1920 मध्ये तिथे बालमंदिर, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू झालं. मुलांवरच्या मायेमुळे लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणायचे.

मॉन्टेसरी आणि गोष्ट. हा मुद्दा जरा सविस्तर पाहायला हवा, कारण अभ्यासकांचं इथे एकमत नाही. या पद्धतीच्या जनक, इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींचा लहान मुलांना परीकथा, अद्भुतकथा सांगण्याला विरोध होता, आधी मुलाला खऱ्या जगाची ओळख होऊ द्या असं त्यांचं म्हणणं. गिजुभाईंनी साधनं, मोकळीक, शिक्षा-बक्षीस बंद हे सगळं त्यांच्याकडून घेतलं, पण बोलणारे कावळे, सुपाएवढ्या कानांचा राजा आणि वाघाला फसवणारी म्हातारी हे काही सोडलं नाही. काहीजण याला भारतीय परिस्थितीशी केलेली तडजोड मानतात, तर काहींच्या मते तो सरळ मतभेदच. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. कारण तडजोड करणारा माणूस गोष्ट सांगण्याच्या कलेवर 'वार्तानुं शास्त्र' (गोष्टीचं शास्त्र) असं अख्खं पुस्तक लिहीत बसत नाही. ते साधारण 1925 चं धरतात. गोष्ट कोणती निवडावी, कुठल्या वयाला कोणती, सांगावी कशी, गोष्टीतून नीती शिकवावी का, असे प्रश्न त्यात आहेत. गोष्टीच्या शेपटाला तात्पर्य बांधण्याबद्दल ते साशंक होते, गोष्टीचा पहिला हेतू आनंद हाच.

गोष्टी कुणाच्या? दुसरा वाद लेखकपणाचा. त्यांच्या नावावरच्या बऱ्याच गोष्टी सौराष्ट्रातल्या लोककथा आहेत, मग ते लेखक की संकलक? शिवाय या कथा एका प्रांतापुरत्याही नाहीत. लेकीकडे निघालेली म्हातारी वाटेत वाघाला म्हणते 'दीकरीने घेर जावा दे, ताजीमाजी थावा दे' (लेकीच्या घरी जाऊ दे, धष्टपुष्ट होऊ दे), आणि आपल्याकडची म्हातारी 'लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन' म्हणत भोपळ्यात बसून टुणुक टुणुक परत येते, म्हणजे गोष्ट एकच. कुठून कुठे गेली हे ठरवणं अवघड, आणि गुजरातीतून मराठीत किंवा उलट असं ठामपणे म्हणायला आधार दिसत नाही. दोन्हीकडे ती आजीच्या तोंडी आधीपासून असावी हे जास्त संभवतं.

पण लेखकपण कथानकात शोधलं तर चुकामूक होते, ते सांगण्यात आहे. 'आनंदी कागडो' (आनंदी कावळा) ही गोष्ट बघा. राजा कावळ्याला शिक्षा म्हणून चिखलात टाकतो तर कावळा गातो, आम्ही घसरायला शिकतोय भाऊ, विहिरीत टाकतो तर गातो, आम्ही पोहायला शिकतोय, शिक्षा बदलते पण गाण्याची चाल तीच राहते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला पोरं कथकाच्या आधीच ती ओळ म्हणून टाकतात. वाक्यं आखूड, मधेच नादाचे शब्द, गद्यातून अलगद गाण्यात जाणं, हे सगळं कानासाठी लिहिलंय, मोठ्याने म्हटल्याशिवाय त्याची गंमत कळतच नाही. लोककथेला हे रूप देणं म्हणजे लेखनच, असं प्रस्तुत नोंदकाराला वाटतं.

'दिवास्वप्न' (1931-32 च्या सुमारास) हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक. त्यातला शिक्षक चौथीच्या वर्गावर वर्षभराचा प्रयोग मागून घेतो. पहिल्या दिवशी खिडक्या लावून शांततेचा खेळ (सगळ्यांनी अगदी गप्प बसून बारीक आवाज ऐकायचे) घेतो तर पोरं अंधारात म्याव म्याव करतात, सगळा फज्जा. मग तो गोष्ट सुरू करतो आणि वर्ग गप्प. पुढे गोष्टीच्याच ओढीने हजेरी, वाचन, वर्गाचं ग्रंथालय, पाठांतराशिवायची नाटकं असं एकेक येत जातं. पात्र काल्पनिक असलं तरी मागे बालमंदिरातला अनुभव आहे हे उघड दिसतं.

एकूण पुस्तकं दोनशेच्या आसपास सांगतात, पण मोजणीत लहान पुस्तिकाही येतात हे लक्षात ठेवावं. गुजराती साहित्यातला मानाचा पुरस्कार, रणजितराम सुवर्णचंद्रक, 1929 चं त्यांना मिळालं. 1936 मध्ये दक्षिणामूर्ती सोडून ते राजकोटला गेले. मृत्यू मुंबईत.

मराठीशी संबंध. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजची नोकरी सोडून 1923 च्या सुमारास भावनगरला आल्या, नूतन बालशिक्षण संघ (1925-26) आणि 'शिक्षणपत्रिका' ही त्या सहकार्याचीच फळं, पत्रिका पुढे मराठीतही निघाली. 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, 1957 मध्ये काम वारली आदिवासींच्या भागातल्या कोसबाडला हललं. वारली मुलांसमोर मॉन्टेसरीची महागडी साधनं चालणार नव्हती, तिथे बिया, शंख-शिंपले, पानं, गाणी आणि गोष्टी आल्या. भावनगरचं दक्षिणामूर्ती बालमंदिर अजूनही चालू आहे.