रहस्यकथा आणि थरारकथा: सीरियल किलरवर बेतलेल्या पहिल्या कादंबरीवर वाचकांची मते का दुभंगतात

एखाद्या नव्या लेखकाची पहिलीच कादंबरी सीरियल किलरवर बेतलेली असली, की तिच्यावरची मते बहुधा टोकाची येतात. कोणी म्हणतो, ‘खुनी कोण ते निम्म्यावर यायच्या आतच कळलं, पुढे वाचण्यात काही राम उरला नाही.’ कोणी म्हणतो, ‘एका बैठकीत संपवली, मध्ये उठवलंच नाही.’ दोघांनी एकच पुस्तक वाचलेले असते आणि दोघेही खरेच सांगत असतात. पहिल्याने ते रहस्यकथा म्हणून वाचलेले असते, दुसऱ्याने थरारकथा म्हणून. दोन्ही प्रकारांची मुखपृष्ठे सारखी असतात, मलपृष्ठावरचा मजकूर सारखा असतो आणि दुकानातले फडताळही एकच असते. त्यामुळे वाचक कोणती अपेक्षा घेऊन पहिले पान उघडतो, हे बरेचसे त्याच्या आधीच्या वाचनावर ठरते.

रहस्यकथेचे तोंड भूतकाळाकडे असते. खून होऊन गेलेला असतो आणि तो कोणी, कसा व का केला, हे शोधायचे असते. लेखक आणि वाचक यांच्यात इथे एक न लिहिलेला करार असतो, आणि गेल्या शतकात तर तो चक्क लिहूनही काढला गेला. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकी लेखकाने १९२८ मध्ये वीस नियम प्रसिद्ध केले. त्यांतला पहिलाच नियम असा, की कोडे सोडवण्याची संधी वाचकाला गुप्तहेराइतकीच मिळाली पाहिजे आणि सर्व धागेदोरे त्याच्यासमोर स्पष्ट मांडलेले असले पाहिजेत. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी दहा आज्ञा मांडल्या आणि १९३० मध्ये लंडनला स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लब या रहस्यकथाकारांच्या मंडळाच्या सभासदांना तर महत्त्वाचा दुवा वाचकापासून लपवणार नाही, अशी शपथच घ्यावी लागे. शपथेचा सूर थट्टेचा होता, पण तिच्यामागची अपेक्षा खरी होती आणि रहस्यकथेचा सराईत वाचक ती आजही सोडायला तयार नसतो.

थरारकथा भविष्याकडे पाहते. पुढचा बळी कोण, तपास करणारे वेळेत पोहोचतील का, आणि पोहोचले तर त्याची काय किंमत मोजतील, हे तिचे प्रश्न असतात. खुनी कोण हे वाचकाला सुरुवातीलाच माहीत असले तरी तिचे काही बिघडत नाही; उलट पोलिसांना जे माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, या जाणिवेतूनच अस्वस्थता वाढत जाते. ही युक्ती अलीकडची नाही. ब्रिटिश लेखक ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ सालच्या आपल्या कथासंग्रहात आधी गुन्हा होताना दाखवला आणि मग तपास सांगितला. सीरियल किलरच्या आधुनिक कादंबरीचा साचा ज्यांनी घडवला त्या थॉमस हॅरिस यांनीही १९८१ सालच्या कादंबरीत खुन्याचे नाव आणि त्याचा भूतकाळ शेवटासाठी राखून ठेवलेला नाही. तपास अधिकाऱ्याच्या कितीतरी आधी वाचक खुन्याच्या घरात जाऊन बसतो, आणि तिथे बसल्यावर सुटका कशी व्हायची, हीच खरी धास्ती होऊन बसते.

तेव्हा ‘खुनी आधीच ओळखला’ या शेऱ्याला वजन किती द्यायचे, हे पुस्तकाने आधी काय कबूल केले होते त्यावर ठरते. चारपाच संशयित आलटून पालटून समोर ठेवले, प्रत्येकाची एक संशयास्पद हालचाल दाखवली, दोनतीन खोटे माग सोडले आणि शेवटच्या प्रकरणात बुरखा फाडला, तर तो शेरा जिव्हारी लागणारा आहे आणि लेखकाने तो मुकाट्याने ऐकून घ्यावा. पण खुनी लेखकानेच मध्यावर उघड केला असेल, तर ‘मी ओळखला’ म्हणणाऱ्याने ओळखले काहीच नाही. त्याला ते सांगितले गेले. असे शेरे मला अनेकदा दिसतात, आणि ते पुस्तकापेक्षा वाचकाच्या सवयीबद्दल जास्त सांगतात.

सीरियल किलर या विषयात हा घोळ अधिक होतो, कारण हा गुन्हेगार रहस्यकथेच्या चौकटीत मुळातच नीट बसत नाही. रहस्यकथेचा कणा म्हणजे हेतू: वारसा, मत्सर, सूड, जुने गुपित. हेतू असला म्हणजे संशयितांची यादी आपोआप आखूड होते. अमेरिकेच्या एफबीआयने २००५ मध्ये सॅन अँटोनियो येथे तज्ज्ञांची जी परिषद भरवली, तिच्यात ठरलेली व्याख्या सोपी आहे: एकाच गुन्हेगाराने किंवा त्याच गुन्हेगारांनी, वेगवेगळ्या घटनांत, दोन किंवा अधिक माणसांचा बेकायदा खून करणे. हेतूचा त्या व्याख्येत उल्लेखही नाही. खुनी आणि बळी यांची ओळखच नसेल, तर संशयितांची यादी अख्ख्या शहराएवढी होते आणि खरा तपास वेगवेगळ्या खुनांमागे एकच हात आहे हे सिद्ध करण्यापासून सुरू होतो. हे काम किचकट आणि कंटाळवाणे असते. कादंबरीत ते रंगवणे सोपे नाही. अगाथा ख्रिस्ती यांच्यासारख्या लेखिकेने १९३६ मध्ये खुनांची मालिकाच कोड्याचा भाग बनवून ही अडचण अंगावर घेतली, पण तोवर त्यांच्या गाठीशी पंधराहून अधिक वर्षांचे लेखन होते. पहिल्या कादंबरीत तेवढी कसरत क्वचितच साधते. मग लेखक सोपी वाट धरतो आणि खुनी तपास पथकाच्या ओळखीतलाच कोणीतरी निघतो. थरारकथेच्या वाचकाला त्याचे फारसे काही वाटत नाही. रहस्यकथेचा वाचक मात्र पहिल्या शंभर पानांतच ‘या कथेत विनाकारण कोण वावरतंय?’ असे विचारतो आणि नेमके त्याच माणसावर बोट ठेवतो.

मते सर्वांत जास्त दुभंगतात ती दोन्ही प्रकारांची सरमिसळ करणाऱ्या पुस्तकावर, आणि पदार्पणातल्या लेखकांना हीच सरमिसळ फार आवडते. तिचे ठरलेले रूप म्हणजे मधूनमधून येणारी, तिरप्या ठशात छापलेली, दीडदोन पानांची निनावी प्रकरणे. समजा, अशा एका प्रकरणाची सुरुवात अशी आहे: ‘तिने दिवा मालवला. तो अजून रस्त्याच्या पलीकडे उभा होता. घाई नव्हती त्याला. घाई इतरांना असते.’ लगेच पुढच्या प्रकरणात शवविच्छेदन करणारा डॉक्टर हातमोजे काढत तपास अधिकारी बाईंना म्हणतो, ‘मॅडम, घाई करू नका, अहवाल उद्या देतो.’ शेवटी हाच डॉक्टर खुनी निघाला, तर ‘घाई’ या शब्दाचा धागा लेखकाने उघड्यावर ठेवला होता, असे रहस्यकथेचा वाचक मान्य करील आणि एखादे वेळी दादही देईल. पण त्याची खरी तक्रार वेगळी आहे. हा माणूस रात्री रस्त्यावर एकटा उभा असताना त्याच्या मनात आपण सकाळी कोणत्या प्रेताची चिकित्सा केली, आपल्याला उद्या किती वाजता कामावर जायचे आहे, आपल्या टेबलावर कोणाची फाईल पडून आहे, यांपैकी एकही विचार कसा येत नाही? तो येत नाही, कारण तो आला असता तर नाव फुटले असते. आपण खुन्याच्या मनात शिरलो आहोत असे भासवायचे आणि त्या मनातले निम्मे सामान आधीच हलवून ठेवायचे, ही चलाखी आहे, आणि ती अनेकांना फसवणूक वाटते. नॉक्स यांची पहिलीच आज्ञा याच जागेवर बोट ठेवते: गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, मात्र ज्याच्या मनातले विचार वाचकाला ऐकू दिले आहेत असा तो नसावा. हा नियम मोडून गाजलेली पुस्तके आहेत, हे खरे. पण तो नियम ठाऊक असणाऱ्यांनीच, त्याची भरपाई कशी करायची याचा विचार करून मोडला होता.

थरारकथेच्या वाचकाला हीच प्रकरणे पुस्तकाचा जीव वाटतात. नाव कळो न कळो, कोणीतरी खिडकीबाहेर उभे आहे एवढे त्याला पुरते. त्याची तक्रार निघाली तर ती पुनरुक्तीची असते: सातव्यांदा तोच अंधार, तोच श्वास, तोच थंडपणा. दोन्ही शेरे त्याच दोन पानांवरचे असतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

हिंसेच्या वर्णनावरही अशीच फाटाफूट दिसते. रहस्यकथेत मृतदेह म्हणजे माहितीचा साठा: जखमेची जागा, वेळ, हरवलेली वस्तू. त्याहून अधिक रक्त सांडले, की तो वाचक नाक मुरडतो. थरारकथेच्या वाचकाला मात्र मरण्यापूर्वी तो माणूस जिवंत दिसायला हवा असतो, नाहीतर भीती कोणासाठी वाटायची? नवे लेखक इथे गल्लत करतात. ते जखमांचे तपशील पानभर देतात आणि बळीला मात्र नाव आणि वय यांपलीकडे काहीच देत नाहीत, त्यामुळे दोन्हींकडून बोलणी खातात.

सरासरी गुणांकनातून यातले काहीच कळत नाही. दहा जणांपैकी पाच जणांनी पाच तारे आणि पाच जणांनी दोन तारे दिले, तर सरासरी साडेतीन येते. पाच जणांनी चार आणि पाच जणांनी तीन दिले, तरीही साडेतीनच. दुसरे पुस्तक बेताचे आहे. पहिले पुस्तक दोन वेगळ्या वाचकवर्गांच्या हाती पडलेले आहे आणि त्यांतल्या एकाचे तरी ते अगदी मनाजोगते आहे. म्हणून सरासरी पाहण्यापेक्षा दोन ताऱ्यांखाली काय लिहिले आहे ते वाचावे. ‘फार वेळ घेतला, पण कोडं चोख आहे’ हे थरार शोधणाऱ्याला परतवणारे वाक्य रहस्यकथेच्या वाचकाला आमंत्रण ठरू शकते.

काही शेरे यांपैकी कोणत्याही वादात मोडत नाहीत. ते लेखकाच्या नवखेपणाचे असतात. घटस्फोटित, दारूच्या आहारी गेलेला, वरिष्ठांशी भांडणारा अधिकारी; सुरुवातीलाच एक निनावी खून; प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दारावर थाप. ज्याने अशा वीस कादंबऱ्या वाचल्या आहेत तो कंटाळतो, ज्याची ही पहिलीच आहे तो थरारून जातो, आणि यात चूक कोणाचीच नसते. अशा मतात शेरा देणाऱ्याचे वाचन किती, एवढेच पाहायचे असते.

दोन्ही बाजूंचे वाचक न ठरवता एकत्र येतात ते शेवटच्या कबुलीजबाबापाशी. नायिकेला खांबाला बांधून खुनी आपले बालपण, आईची क्रूरता आणि प्रत्येक खुनामागची योजना बारा पाने सांगत राहतो. रहस्यकथेच्या वाचकाला वाटते, की जे तपासातून निष्पन्न व्हायला हवे होते ते खुन्याने आयते हातात दिले. म्हणजे कोडे सुटलेच नाही, कोणीतरी उत्तर वाचून दाखवले. थरारकथेच्या वाचकाला वाटते, की ज्या क्षणी सर्वांत जास्त धोका असायला हवा त्या क्षणी सगळे थांबून भाषण ऐकत आहेत. एकाच जागेवर दोघांनी बोट ठेवले असेल, तर तिथे आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही, जागा खरोखरच कच्ची असते. पहिल्या कादंबरीवरच्या उलटसुलट मतांच्या ढिगाऱ्यातून लेखकाला दुसरीसाठी काही वेचायचेच असेल, तर त्याने अशा जागांपासून सुरुवात करावी.