फुप्फुस-शस्त्रक्रियेतील क्लिप व तिचे उपद्रव

दुर्बिणीने फुप्फुसाचा भाग काढताना रक्तवाहिन्यांना लावलेल्या क्लिपांमुळे ऑपरेशननंतर लगेच किंवा उशिरा होणारे त्रास. ही शस्त्रक्रिया १९९० च्या दशकात रूढ होऊ लागली. बरगड्यांमधल्या लहान छेदांतून बोटाने गाठ मारणे अवघड जाते. म्हणून मोठ्या वाहिन्या व श्वासनलिका स्टेपलरने, तर बारीक फांद्या काही मिलिमीटरच्या क्लिपने बंद करतात. क्लिप टायटॅनियमची किंवा कुलूप बसणारी प्लास्टिकची असते आणि ती कायम आतच राहते.

सर्वांत धोक्याचे म्हणजे क्लिप निसटणे. फुप्फुस-धमनीतला दाब कमी असला तरी भिंत पातळ असते आणि हृदयाच्या उजव्या बाजूचे सगळे रक्त तिच्यातूनच जाते. क्लिपपुढे वाहिनीचे टोक फार आखूड ठेवले किंवा हत्यार क्लिपला अडकले, की ती सुटते. ऑपरेशननंतर छातीत ठेवलेल्या नळीच्या बाटलीत गडद लाल रक्त झपाट्याने चढते, नाडी पळू लागते. अशा वेळी छाती उघडावी लागू शकते. स्टेपलरच्या जबड्यात क्लिप आली तर पिना नीट मिटत नाहीत. त्यामुळे स्टेपलर जिथे लागणार तिथे जाणते सर्जन क्लिप लावायचे टाळतात.

मुंबईत यात क्षयाची भर पडते. जुन्या क्षयाच्या कडक गाठी धमनीला चिकटून बसलेल्या असतात आणि त्या सोडवतानाच निम्मी कसोटी लागते.

क्वचित क्लिप महिन्यांनी, वर्षांनीही सरकत श्वासनलिकेत शिरते. खोकला हटत नाही, थुंकीत रक्त दिसते. खोकल्याच्या उबळीबरोबर क्लिप बेसिनमध्ये पडल्याच्याही नोंदी आहेत. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय आणि परळचे टाटा मेमोरियल (१९४१) ज्या शहरात हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे रक्त पाहून आधी क्षय, मग कर्करोग उलटल्याची शंका येणारच, आणि दोन्ही तपासायलाच हवेत. पण जुने डिस्चार्ज कार्ड घरी राहिले तर क्लिप कोणाला आठवत नाही. निदान सीटी स्कॅन व ब्रॉन्कोस्कोपीने (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) होते. सैल क्लिप दुर्बिणीतून काढता येते. रक्तवाहिनीला खेटून असेल तर ओढणे जोखमीचे.

एक्स-रेवर टायटॅनियमच्या क्लिपा पांढऱ्या आखूड रेघांसारख्या चमकतात. लिफाफ्यातून फिल्म काढून उजेडाकडे धरणारे नातेवाईक हमखास विचारतात, ‘‘डॉक्टर, आत काही राहिलंय का?’’ राहिलेले नसते, ठेवलेले असते. प्लास्टिकची क्लिप मात्र एक्स-रेवर दिसतच नाही.